आजोबांचा पिन नातवाला पाठ: गेममधली खरेदी आणि आपली जबाबदारी

मालवी_आत्या (इंदूर)

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण आता तो एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणून इथे मांडते.

माझा भाचा सहावीत आहे. मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ खेळतो, त्याच्या वर्गातली बहुतेक मुलं खेळतात तोच. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्याने अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खात्यातून साडेअठरा हजार रुपये त्या खेळात घातले. एकरकमी नाही. कधी ८०, कधी १६०, कधी ८००. बँकेचे मेसेज अण्णांच्याच फोनवर येत होते, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर अण्णा बारीक अक्षर वाचायचा कंटाळा करतात, आणि पोरगा मेसेज पुसत होता. दादा, म्हणजे माझा भाऊ, त्या मुलाचे वडील, पासबुक भरून आणायला गेला तेव्हा हे उघडकीला आलं.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. दादाचा हात उठला. वहिनी म्हणाली, अण्णांनी फोन द्यायलाच नको होता. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, नंतर म्हणाले, "माझा फोन काढून घ्या, मला नको ते यूपीआय." पोरगा जेवेना.

या सगळ्या गोंधळात एक प्रश्न कुणी विचारला नाही: अकरा वर्षांच्या मुलाला पिन कळला कसा? तो त्याने चोरून पाहिलेला नाही. आपणच सांगितला. दारावर ठेलेवाला आला की अण्णा आतूनच हाक मारतात, "बाळा, याला साठ रुपये पाठव रे." दूधवाला, गॅसचा सिलिंडर, लाइट बिल, गुरुजींची दक्षिणा, सगळं नातवाच्या हातून. आमच्या कॉलनीत आजी-आजोबा असलेल्या कुठल्याही घरात जाऊन बघा, हेच चित्र. पोराला फोन पटापट चालवता येतो याचं आपल्याला कौतुक, आणि भाजीवाल्यासमोर पिनचे आकडे मोठ्याने सांगण्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पालकांची जबाबदारी म्हटलं की आपण एकदम "किती तास खेळतो" यावर जातो. तासांचा प्रश्न आहेच. पण पैसे वेगळ्या कारणाने जातात असं माझं ठाम मत झालं आहे. आपण मुलाला घरचा रोखपाल केलं, तिजोरी त्याच्या हातात दिली, आणि त्याचा स्वतःचा म्हणून महिन्याला शंभर रुपयांचाही हिशोब त्याला कधी दिला नाही. घरचे पैसे रोज त्याच्या बोटांतून जातात, त्यातले आपले कोणते आणि घरचे कोणते हे त्याने कुठून शिकावं?

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पैसे परत मिळतात का? मुलाकडून ते फेडून घ्यावेत का? आणि अण्णांना न दुखावता त्यांच्या फोनची व्यवस्था कशी लावावी?

राजवाडा_परिसर (इंदूर)

ताई, राग मानू नका, स्पष्ट लिहितो. आई-बाप दोघं नोकरीवर, पोर आजोबांच्या गळ्यात, आणि आजोबांनी शांतता हवी म्हणून फोन पोराच्या हातात दिला. यात गेमवाल्यांना काय बोलणार? ते दुकान मांडून बसले आहेत. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री पोराला एकटं सोडलं आणि त्याने खिशातले सगळे पैसे खाण्यात उडवले, तर हलवायाला दोष देता येईल का?

मालवी_आत्या (इंदूर)

राजवाडा दादा, सराफ्यातला हलवाई दहा वर्षांच्या एकट्या मुलाच्या हातात पाचशेची नोट बघून विचारतो, "बेटा, पापा कुठे आहेत?" आपल्या शहरात आजही विचारतात. खेळातलं दुकान विचारत नाही, मुद्दा तोच आहे. आई-वडिलांची जबाबदारी मी झटकत नाहीये. ती नेमकी कुठे चुकते ते शोधते आहे.

बँकेतून_निवृत्त (इंदूर)

पिनचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. जरा सविस्तर लिहितो, कारण शाखेत असताना अशी बरीच मंडळी माझ्यासमोर येऊन बसली आहेत.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कार्ड एकदा जोडलं की नंतर नुसतं बटण दाबून पैसे जातात. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑनलाइन व्यवहाराला दुसरी खात्री लागते, सहसा ओटीपी नाहीतर पिन. म्हणून आपल्याकडे मुलाच्या हातून पैसे गेले, तर बहुतेक वेळा त्याला पिन माहीत असतो, किंवा ओटीपी येतो तो फोन त्याच्याच हातात असतो. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. यूपीआय लाइट चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिनच लागत नाही, आणि त्यात एका वेळी ५,००० पर्यंत शिल्लक ठेवता येते. फोन उघडा असला की काम झालं. दुसरं म्हणजे ऑटोपे. एकदा मंजुरी दिली की खेळातला दर महिन्याचा पास आपोआप कापला जातो, आणि बहुतेक प्रकारांत १५,००० पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. आज रात्रीच घरातल्या सगळ्यांच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघा. नको ते तिथेच रद्द करता येतं.

आता बँक पैसे देईल का? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तिसऱ्याच कुणी बाहेरून पैसे काढले आणि तुम्ही कामाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही. पण पिन तुम्ही स्वतः दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. नातू हा बँकेच्या दृष्टीने दुसराच माणूस. तेव्हा बँकेशी भांडण्यात शक्ती घालवू नका, ॲप स्टोअरकडे जा.

अण्णांसाठी माझा सल्ला: पेन्शनचं खातं यूपीआयमधून काढून टाका. दुसरं छोटं बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या वरखर्चापुरते तीन-चार हजार टाका आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. फोन अण्णांकडेच राहू द्या. यूपीआय सर्कल नावाची सोयही आहे, त्यात कमावत्या मुलाच्या खात्यातून वडील ठरावीक मर्यादेत खर्च करू शकतात, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० पर्यंत. पण पेन्शनर माणसाला त्यात मुलापुढे हात पसरल्यासारखं वाटतं. मला तरी वाटेल.

लॉबीतला (इंदूर)

मी बारावीत आहे आणि पाच वर्षं असे खेळ खेळतो आहे. मोठ्या माणसांच्या धाग्यात लिहितो आहे, पण आतून ते कसं दिसतं हे इथे कुणी सांगितलेलं नाही.

खेळात शिरल्यावर रुपया दिसत नाही. आधी डायमंड किंवा तसलंच काही नाणं घ्यायचं, मग त्यातून वस्तू. हवी ती वस्तू जितक्याला आहे नेमका तितक्याचा पॅक सहसा नसतोच. थोडे डायमंड कमी पडतात म्हणून मोठा पॅक, मग थोडे उरतात, ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या वेळी परत टॉप-अप. पहिल्या टॉप-अपला दुप्पट देतात, ती खरी मेख आहे. एकदा हात मोकळा झाला की दुसऱ्यांदा अवघड जात नाही.

त्यानंतर स्पिन. चाक फिरवायचं, काय मिळेल ते नशीब. पहिला फेरा अगदी स्वस्त, पुढचा प्रत्येक फेरा आधीपेक्षा महाग. चार फेरे झाले आणि हवा तो बंडल, म्हणजे कपड्यांचा संच, आला नाही, तर आता थांबलो तर आधीचे गेले, असं वाटतं. वर घड्याळ चालू असतं, इव्हेंट संपायला इतके तास. बंडल गेला की परत येणार नाही असं प्रत्येकाला वाटतं, आणि चार महिन्यांनी तो दुसऱ्या नावाने परत येतो.

तुम्ही म्हणाल, नुसत्या रंगीत कपड्यांसाठी? काही खेळांत स्किनमुळे, म्हणजे बंदुकीच्या विकत घेतलेल्या नव्या रंगरूपामुळे, तिची ताकदही थोडी वाढते, पण खरं कारण ते नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी सगळे लॉबीत उभे असतात. ज्याच्याकडे काही नाही त्याला "डिफॉल्ट" म्हणतात, स्क्वाडमधून काढतात, व्हॉइस चॅटवर हसतात. सहावी-सातवीत हे फार लागतं. शाळेत गणवेश असतो, तिथे कुणाची गाडी कोणती हे निदान वर्गात दिसत नाही. लॉबीत दिसतं.

आत्या, भाच्याला एकदा शांतपणे म्हणा, तुझं कलेक्शन दाखव. कोणती वस्तू कशासाठी घेतली ते त्याला सांगू द्या. साडेअठरा हजारांत काय आलं ते तो स्वतः बघेल. ओरडलात तर तो फोन उलटा ठेवेल आणि पुढची आयडी, म्हणजे खेळातलं खातं, तुम्हाला कधीच दिसणार नाही.

मालवी_आत्या (इंदूर)

बाळा, मनापासून आभार. लॉबीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ग्वाल्हेरची_लेक (ग्वाल्हेर)

पिन लपवला की प्रश्न मिटला असं समजू नका, म्हणून आमचा प्रकार लिहिते. आमच्याकडे फोनवर कुठलंही पैशाचं ॲप नव्हतं, मिस्टरांना आवडत नाही. तरी मुलाचे पैसे जात होते. कसे? रोख. आमच्या लश्कर भागात मोबाइल रिचार्जच्या दुकानांत गूगल प्लेचे कोड मिळतात. पैसे दिले की कोड, तो घरी येऊन टाकला की खात्यात शिल्लक. वाढदिवसाची पाकिटं, मामाने हातावर ठेवलेले, भाऊबीजेची ओवाळणी, सगळं तिकडे. दुकानदाराने पोराला विचारलंसुद्धा नाही.

पुढे त्याहून वाईट झालं. कुठल्याशा व्हिडिओखाली "डायमंड दुप्पट" अशी लिंक होती. तिथे त्याने आयडी आणि पासवर्ड टाकला. खातं गेलं, आणि खातं परत देतो म्हणून समोरच्याने वर पैसे मागितले. ते मात्र त्याने माझ्या पर्समधून घेतले. तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही १९३० वर फोन करून तक्रार नोंदवली आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही लिहिलं. कुणी ठकवलं असेल तर हा नंबर आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. मुलाने स्वतःच्या हाताने खरेदी केली असेल तर मात्र तो १९३० चा विषय नाही, दोन्हींत गल्लत करू नका.

सुदामानगर_४५२ (इंदूर)

पण सरकारने हे खेळ बंद केले ना? गेल्या वर्षी कायदा झाला होता.

काळा_कोट (इंदूर)

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तो वेगळ्या खेळांसाठी. पैसे लावायचे आणि पैसे जिंकायचे, त्या प्रकारावर ती बंदी आहे. ज्यात पैसे जिंकायचे नाहीत, नुसत्या वस्तू विकत घ्यायच्या, ते खेळ चालू आहेत. म्हणून "आता कायदा आहे" म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

वर दोन मुद्दे निघाले, त्यांची कायद्याची बाजू सांगतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे १८ वर्षांखालचा माणूस करार करायला पात्र नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला, आणि आपली न्यायालयं आजही तोच नियम धरतात. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाने डायमंड विकत घेण्याचा करार केला, तो कागदावर टिकत नाही. पण खातं अण्णांचं, फोन अण्णांचा, पिन अण्णांचा. कंपनी म्हणणार, आमच्या दृष्टीने ग्राहक सत्तरीचा आहे. साडेअठरा हजारांसाठी हे कोर्टात सिद्ध करत बसण्यात अर्थ नाही. तक्रार लिहिताना मात्र "खरेदी अल्पवयीन मुलाने, खातेदाराच्या संमतीशिवाय केली" हे वाक्य पहिल्या ओळीत ठेवा.

राजवाडा दादांच्या मुद्द्यावर: दुकानदाराचा दोष नाही, असं जगभरातल्या सरकारांनी मानलेलं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली ॲपलला मुलांच्या संमतीविना झालेल्या खरेदीबद्दल किमान सव्वातीन कोटी डॉलर परत करायला लावले, त्याच वर्षी गूगललाही १ कोटी ९० लाख. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सवर एकूण ५२ कोटी डॉलरचा बोजा पडला. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची रचनाच अशी होती की चुकून एक बटण दाबलं तरी पैसे जायचे. पैसे परत मागणाऱ्यांची खाती बंद केल्याचाही आरोप त्यात होता. चीनने २०१९ पासून वयाप्रमाणे मर्यादाच घातली आहे: आठ वर्षांखाली खर्च नाही, आठ ते सोळापर्यंत महिन्याला २०० युआन, सोळा ते अठरा ४००.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार आहेत. खोटी घाई करणं आहे, सतत टोचत राहणं आहे. लॉबीतल्या मुलाने घड्याळाचं जे वर्णन केलं, ते वाचताना मला तीच यादी आठवली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार जरूर करा. एका तक्रारीने काही होत नाही, शंभर झाल्या की कुणीतरी फाइल उघडतं.

मांडवीजवळ (बडोदे)

मी या सगळ्याच्या विरुद्ध मताचा आहे. दहावीपर्यंत मुलाच्या हातात मोबाइल नको. आमच्या घरी नाही, आणि मुलं काही मागे पडलेली नाहीत. संध्याकाळी मैदानात जातात. पिन, खाती, मर्यादा, हा सगळा मलमपट्टीचा प्रकार झाला. मूळ जखम फोन आहे.

ग्वाल्हेरची_लेक (ग्वाल्हेर)

काका, तुमच्याकडे जमलं, आनंद आहे. पण शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो, ट्यूशनची लिंक फोनवर येते. शेजारच्या मुलाकडे फोन असतोच. माझा मुलगा खेळायला लागला तोच शेजाऱ्यांच्या गच्चीवर.

मांडवीजवळ (बडोदे)

गृहपाठ वडिलांच्या फोनवर, वडिलांसमोर बसून. अवघड आहे, मान्य. पण अवघड आहे म्हणून सोडून द्यायचं का?

शाळेतल्या_बाई (इंदूर)

सहावी ते आठवीला शिकवते. दोघांचंही खरं आहे आणि घराघरांत वेगवेगळं जमेल, त्यावर भांडू नका.

मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे, ती म्हणजे उघडकीला आल्यानंतरचा पहिला दिवस. २०२१ मध्ये आपल्याच राज्यात, छतरपूरला, तेरा वर्षांच्या मुलाचे खेळात चाळीस हजारांच्या आसपास पैसे गेले आणि घरी कळल्यावर त्याने जीव दिला. ही बातमी तेव्हा आम्ही शिक्षकांच्या खोलीत वाचली आणि कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. पैसे घालवलेलं मूल आधीच भेदरलेलं असतं. त्याला सुरुवातीला शंभरच घालवायचे होते, ते झाकायला पुढचे झाले, आणि आता परतीची वाट नाही असं त्याला वाटत असतं. त्या क्षणी "तुझ्यामुळे आजोबांचं औषध बंद होईल", "तुला होस्टेलला टाकतो" असलं काही बोलू नका. आत्याबाई, तुम्ही लिहिलंत की तो जेवत नव्हता. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. त्याला एकटं ठेवू नका. रात्री कुणीतरी त्याच्याजवळ झोपा. मूल फार गप्प झालं, जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोललं, तर थेट विचारा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. १०९८ हा मुलांसाठीचा नंबरही आहे.

खर्च करणारं प्रत्येक मूल व्यसनी नसतं, हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतला आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे सहसा बारा महिने दिसावं लागतं. साडेअठरा हजार गेले म्हणून मुलावर शिक्का मारू नका.

आणि शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक-शिक्षकांसाठी सूचना काढल्या होत्या, त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत. त्यात स्पष्ट आहे: ॲपवर कार्ड नोंदवून ठेवू नका, प्रत्येक व्यवहाराला वरची मर्यादा घाला, ज्या फोनवर मूल खेळतं त्या फोनवरून खरेदी होऊ देऊ नका. हा शेवटचा मुद्दा एकटा पाळला तरी आत्याबाईंच्या घरचा प्रसंग टळला असता. खेळाचा फोन वेगळा, पैशाचा फोन वेगळा.

मालवी_आत्या (इंदूर)

बाई, तुमचं वाचून मी तेव्हाच दादाकडे गेले. आता भाचा अण्णांच्या खोलीत झोपतो, जेवतोही. अण्णांनीच त्याला जवळ घेतलं. दादाशी मी स्वतंत्र बोलले, हात उठवणार नाही असं त्याने वहिनीसमोर कबूल केलं आहे.

पैशांचं सांगते, दुसऱ्यांना उपयोग होईल. गूगल प्लेवर ऑर्डर हिस्टरीत प्रत्येक खरेदी तारखेसह दिसते. ४८ तासांच्या आतल्या खरेदीचा परतावा तिथूनच मागता येतो. त्यातल्या शेवटच्या दोन खरेद्यांचे पैसे परत आले. जुन्यांसाठी खेळाच्या कंपनीला लिहिलं आहे, उत्तर यायचं आहे. परतावा मिळाला की खेळातली वस्तू काढून घेतात, हे भाच्याला आधीच सांगितलं. आयफोनवाल्यांसाठी ॲपलचं वेगळं पान आहे, "रिपोर्ट अ प्रॉब्लेम" नावाचं. फॅमिली शेअरिंगमध्ये "आस्क टू बाय" चालू केलं की मुलाने काही घ्यायचं म्हटलं तर विचारणा पालकाच्या फोनवर येते. अँड्रॉइडवर तेच काम फॅमिली लिंक करतं.

आता फेडण्याचा प्रश्न. दादा म्हणतो, पुढची तीन वर्षं वाढदिवस नाही, फटाके नाहीत, सगळे पैसे अण्णांना. मला ते पटत नाही.

राजवाडा_परिसर (इंदूर)

मी मघाशी कडक बोललो, पण इथे मी तुमच्या बाजूने आहे. तीन वर्षं म्हणजे त्या वयाला जन्मठेप. पण शून्यही नको. काहीतरी त्याच्या खिशातून गेलंच पाहिजे.

बँकेतून_निवृत्त (इंदूर)

खिशातून जायला आधी खिसा हवा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना मुभा दिली आहे, दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर बचत खातं उघडून स्वतः चालवू शकतं. मर्यादा प्रत्येक बँक आपली ठरवते, आणि असलेल्या शिल्लकेपलीकडे पैसे काढता येत नाहीत. त्याच्या खात्यात महिन्याला तीनशे टाका. त्यातले शंभर अण्णांना, दोनशे त्याचे. दोनशेत त्याला डायमंड घ्यायचे असतील तर घेऊ द्या. संपले की संपले.

शाळेतल्या_बाई (इंदूर)

डायमंडला परवानगी? मला हे जड जातंय.

लॉबीतला (इंदूर)

बाई, काका बरोबर बोलताहेत. दोनशे स्वतःचे असले की स्पिनवर कुणी घालत नाही. मी घालत नाही. अण्णांचे असले की ते आकडेच असतात.

शाळेतल्या_बाई (इंदूर)

तू सतरा वर्षांचा आहेस, तो अकरा. स्पिन नकोच, हे मी धरून आहे. सरळ किंमत लिहिलेली वस्तू एखादी घेतली तर घेऊ दे.

मालवी_आत्या (इंदूर)

स्पिन नाही, हे दादालाही पटेल. अण्णांचं छोटं खातं या आठवड्यात उघडतो आहोत, आणि ठेलेवाल्याला पैसे पाठवताना पिन अण्णा स्वतः घालतील. फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, तर त्यांना दिसतंय सगळं.

एक नवीनच निघालं आहे. भाचा काल रात्री अण्णांना म्हणाला, मी माझी आयडी विकतो, वरच्या वर्गातला मुलगा आठ हजार देतोय, ते तुम्हाला देतो. अण्णांचा जीव भरून आला. मला मात्र यात काहीतरी खटकतंय. लॉबीतल्या बाळा, हे काय असतं?

लॉबीतला (इंदूर)

आत्या, अजिबात विकू देऊ नका. आयडी विकणं खेळाच्या नियमात बसत नाही, कळलं तर आयडी कायमची जाते आणि घेणारा पैसे मागायला घरी येतो. शिवाय आयडी ईमेलला जोडलेली असते. ती अण्णांच्या ईमेलला जोडलेली असेल तर देताना ईमेलचा पासवर्डही मागतात, आणि त्याच ईमेलवर अण्णांचं बाकी सगळं असेल. आठ हजार आधी कुणी देतही नाही. आधी आयडी घेतात, मग ब्लॉक करतात, माझ्या मित्राचं असंच झालं. आज सेटिंगमध्ये जाऊन आयडी कुठल्या ईमेलला जोडली आहे ते बघा, पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची खात्री चालू करा. त्या वरच्या वर्गातल्या मुलाला भाच्याने स्वतःच "नाही" म्हणून मेसेज करावा, तुम्ही करू नका, नाहीतर वर्गात त्याचं हसं होईल.

मालवी_आत्या (इंदूर)

ईमेल अण्णांचंच आहे, आत्ताच बघितलं. पासवर्ड बदलला. मेसेज तो उद्या शाळेतून आल्यावर करतो म्हणाला, मी शेजारी बसेन.